‘कुठूनही’ या शब्दाविषयी



चिटणिसांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता. म्हणाले, “सर, यंदा शंकराचार्य नकोत. तरुण पोरं येत नाहीत. करोनानंतरच्या वर्क फ्रॉम होमवर बोला.” मी म्हटलं, अहो, मला निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. होम आहे, वर्क नाही. मी काय बोलणार? तरी हो म्हणालो. त्याला एक घरगुती कारण आहे, ते पुढे येईल.

मी पुस्तकांचा माणूस. त्यामुळे आज तीन पुस्तकं घेऊन आलोय आणि त्यांतल्या दोघांशी जरा भांडणार आहे. भांडण एका शब्दावरून आहे. इंग्रजीत ‘एनीव्हेअर’, आपल्याकडे ‘कुठूनही’. कुठूनही काम करा, कुठेही राहा. करोनानंतर हा शब्द इतका वापरला गेला की त्याचा अर्थ काय, असं कुणी विचारतच नाही. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला एवढाच धंदा येतो, जो शब्द सगळे वापरतात तो उलटा करून बघायचा.

पहिलं पुस्तक ‘डिजिटल नोमॅड’, साल १९९७. लेखक दोन. त्सुगिओ माकिमोतो, सेमीकंडक्टरच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेले जपानी इंजिनिअर, आणि डेव्हिड मॅनर्स, इलेक्ट्रॉनिक्सवर लिहिणारे इंग्रज पत्रकार. आज लॅपटॉप घेऊन देशोदेशी राहणाऱ्या मंडळींना जे नाव पडलं आहे ते या पुस्तकाचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस मुळात भटका होता, शेती आली तसा तो एका जागी बसला. आता यंत्रं इतकी लहान होतील आणि एकमेकांना इतकी जोडलेली असतील की कामासाठी एका जागी असण्याची सक्ती उरणार नाही. ज्याला पुन्हा भटकायचं आहे त्याला भटकता येईल. १९९७ सालचं लेखन आहे हे, बरं का. आपल्याकडे तेव्हा एसटीडी बूथबाहेर रांगा होत्या. नंदुरबार हा जिल्हासुद्धा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. भाकीत म्हणून बघाल तर पुस्तकाला चांगले मार्क द्यावे लागतील.

माझी तक्रार भाकिताबद्दल नाही. ‘नोमॅड’ शब्द त्यांनी ज्या हलक्या हातानं उचलला, त्याबद्दल आहे.

आपल्या शिवारात ठेलाऱ्यांचे वाडे उतरतात, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. मेंढ्या, घोड्याच्या पाठीवर सगळा संसार, वर बांधलेलं एखादं कोकरू. शेतकरी त्यांना शेतात मेंढ्या बसवायला सांगतो. त्याला लेंडीखत मिळतं, ठेलाऱ्याला धान्य किंवा पैसे. वाट बहुतेक ठरलेली असते. कुठल्या गावाला पाणी आहे, कुठला पाटील भला आहे, कुठे मागच्या वर्षी भांडण झालं होतं, सगळं डोक्यात. म्हणजे हा भटका माणूस ‘कुठूनही कुठेही’ जात नाही. ज्या गावांना तो ओळखतो आणि जी गावं त्याला ओळखतात त्यांच्यामधून तो जातो. एका जागी राहणाऱ्या माझ्यासारख्याला एक गाव सांभाळावं लागतं, त्याला पंचवीस सांभाळावी लागतात. हे या पुस्तकात नाही. त्यांच्या मते जड सामान हा प्रश्न होता, सामान हलकं झालं की भटकेपण मोकळं झालं.

आणि दुसरी गोष्ट. आपल्या देशात भटकणं हा गुन्हा होता. मी अलंकारिक बोलत नाहीये. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट, जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवणारा. नाव नोंदवा, पोलिसांकडे हजेरी द्या, हद्द सोडायची तर पास काढा. स्वातंत्र्य मिळालं १९४७ ला, यांचा कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ‘विमुक्त’. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० ला आलं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ ला, तेव्हा कुठे मध्यमवर्गीय मराठी वाचकाला कळलं की ‘भटका’ या शब्दात पाय कमी आणि पोलीस जास्त आहेत. माकिमोतोसाहेबांना हे ठाऊक असायचं कारण नाही. पण जो कुणी मराठीत सहज ‘डिजिटल भटके’ म्हणून जातो, त्यानं क्षणभर थांबायला हरकत नाही.

दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त खपलं. टिम फेरिस या अमेरिकन गृहस्थांचं ‘द फोर-अवर वर्कवीक’, २००७. म्हणजे आठवड्याला चार तास काम. माझ्या भावाच्या नातीच्या कपाटात सापडलं, मी दोन दुपारींत वाचलं. लिहायला हुशार माणूस आहे, आणि काही गोष्टी खऱ्याही सांगतो. ऑफिसमधला अर्धा वेळ उगाच जातो, म्हातारपणीच्या सुखासाठी तरुणपण गहाण टाकू नका, वगैरे. यात वाईट काय? पण मला प्रश्न पडला, उरलेले छत्तीस तास गेले कुठे? काम तर नाहीसं होत नाही.

ते कुठे गेले हे पुस्तकातच लिहिलं आहे, लपवलेलं नाही. ते बंगळुरूला गेले. परदेशातले मदतनीस ठेवा, त्यांच्यावर कामं सोपवा, असा त्यांचा सल्ला. त्यात ए. जे. जेकब्स नावाच्या अमेरिकन पत्रकाराचा एक गमतीदार लेख घेतला आहे. या जेकब्सनी आपली कामं भारतातल्या मदतनिसांना देऊन टाकली. ई-मेलला उत्तरं, खरेदी, बायकोशी झालेल्या भांडणातली दिलगिरी, आणि शेवटी स्वतःची चिंता करण्याचं कामसुद्धा! माझ्यावतीनं तुम्ही काळजी करा, मी मोकळा होतो. वाचताना मी खूप हसलो. मग वाटलं, इकडे ती काळजी वाहणारी मुलगी कोण असेल? तिला अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे बसावं लागत असणार. साहेबांचं ‘कुठूनही’ शक्य व्हावं म्हणून कुणालातरी ‘इथेच, याच खुर्चीत’ असावं लागतं. आणि पुस्तकात या व्यवहाराला एक भारदस्त नाव आहे, जिओआर्बिट्राज. कमवायचं महाग चलनात, राहायचं स्वस्त देशात. आपल्या मिरचीच्या व्यापाऱ्याला हे शिकवायला नको. इथे माल म्हणजे जागा, एवढाच फरक. ती जागा ज्यांची आहे त्यांचं पुढे काय होतं ते लिस्बनच्या भाडेकरूंना विचारा, किंवा इतकं लांब नको, आपल्या गोव्यात मोरजी आणि आसगावला विचारा.

“सर, तुमचे शंकराचार्य आलेच का?” असं चिटणीस मनात म्हणत असतील. नाही, चक्रधर येताहेत. दोन मिनिटं फक्त.

महानुभावांच्या आचारात ‘अटन’ हा शब्द आहे. संन्याशानं एका जागी राहू नये, फिरत राहावं, गावाची, घराची, माणसांची आसक्ती लागू देऊ नये. बौद्ध भिक्खूही फिरतो, जैन मुनीही फिरतो, पावसाळ्याचे चार महिने तेवढा एका जागी थांबतो. म्हणजे भटकण्याचं तत्त्वज्ञान जगाला सिलिकॉन व्हॅलीनं दिलं असं नाही, आपल्याकडे त्याची चांगली शास्त्रं आहेत. पण या सगळ्यांत अटनाच्या शेजारी दुसरा शब्द बसवलेला आहे, भिक्षा. जो फिरतो त्यानं रोज एकदा, जो फिरत नाही त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. हात पुढे करायचा. ज्या बाईनं चूल पेटवली, जिनं घर सोडलं नाही, तिच्यामुळे माझं फिरणं चाललं आहे हे कबूल करायचं, आणि तेही मनात नाही, सगळ्या गल्लीसमोर. माझ्या मते ही त्या शास्त्रकारांची फार मोठी समज आहे. फिरणाऱ्याला अहंकार चढतो, आपण कुणाचेच नाही असं वाटायला लागतं. त्यावर झोळी हा उतारा.

फेरिसच्या पुस्तकात झोळी नाही. पैसे दिले की संबंध संपला. माझी मुख्य तक्रार ही आहे.

आता तिसरं पुस्तक, आणि याच्याशी मी भांडणार नाही. यान ब्रेमन, डच समाजशास्त्रज्ञ. साठच्या दशकापासून दक्षिण गुजरातेत, म्हणजे आपल्या शेजारीच, येत राहिलेला माणूस. त्यांचं ‘फुटलूज लेबर’ १९९६ ला आलं. ‘डिजिटल नोमॅड’च्या आदल्या वर्षी, हं. फुटलूज म्हणजे मोकळ्या पायांचा. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्याला ऊस तोडायला माणसं कुठून जातात, यावर तर त्यांनी त्याआधीच सविस्तर लिहिलं होतं. कुठून जातात? आपल्याकडून. डांगातून आणि खानदेशातून. तो सगळा व्यवहार तुमच्यातल्या अनेकांनी घरात पाहिलेला आहे. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, मुकादम येतो, उचल देतो. उचल घेतली की पाय बांधले गेले. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टेम्पो, ट्रक, नाहीतर सुरतेकडची गाडी. आपल्या नवापूरच्या स्टेशनावर म्हणे बाकडंच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत; लोक त्याचे फोटो काढतात. पण त्या फलाटावरून पुढे गेलेल्या माणसाला राज्य कधी बदललं हे फोटोवरून कळत नाही, रेशन बंद झालं की कळतं.

आणि तो ‘कोयता’ शब्द. कोयता म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. “माझ्याकडे चाळीस कोयते आहेत” असं मुकादम म्हणतो तेव्हा तो माणसं मोजत असतो. नात सांगते, तिच्या कंपनीत माणसाला ‘रिसोर्स’ म्हणतात. “दोन रिसोर्सेस द्या.” मी म्हटलं, बाई, तुमचा मुकादम इंग्रजी बोलतो एवढंच.

तर १९९६ आणि १९९७. एका वर्षाच्या अंतरानं आलेली दोन पुस्तकं, दोन्हींत मोकळ्या पायांचा माणूस. एकातल्या माणसाला जाण्याची मुभा आहे, दुसऱ्यातल्याला थांबण्याची नाही. मार्क्सनं ‘मुक्त मजूर’ या शब्दाची जी कडवट चेष्टा केली होती ती आठवते. श्रम विकायला मुक्त, आणि जगायच्या साधनांपासूनही मुक्त! पण मला इथे दिसतो तो फरक गरीब-श्रीमंतीपेक्षा जरा वेगळा आहे. कुठे असायचं हे कोण ठरवतं, असा तो प्रश्न आहे. आणि लॅपटॉपवाला या प्रश्नात आपल्याला वाटतो तितका फेरिसच्या बाजूला नाही. तो कधीकधी कोयत्याच्या बाजूला निघतो. ते आता सांगतो.

२०२० साली होळी ९ मार्चला होती. सातपुड्यातला माणूस कुठेही असला तरी होळीला येतो, काठीची राजवाडी होळी असो की भोंगऱ्याचा बाजार. उचल फिटलेली नसली की होळी करून परत जातो. होळीनंतर पंधरा दिवसांनी, २४ मार्चला, रात्री आठला घोषणा झाली आणि बाराला देश बंद. त्या चार तासांत देशातल्या काम करणाऱ्या माणसांची दोन भागांत वाटणी झाली. ज्यांचं काम घरी नेता येतं ते, आणि ज्यांचं येत नाही ते. अमेरिकेत डिंगल आणि नायमन या अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हा हिशेब मांडला की तिथल्या सुमारे ३७ टक्के नोकऱ्या पूर्णपणे घरून करता येतील. गरीब देशांत हे प्रमाण बरंच कमी. ऊस घरून तुटत नाही. मिरचीची पथारी घरून पसरता येत नाही. ८ मे च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या कारखान्यातले मध्य प्रदेशातले मजूर होते, भुसावळकडे चालत निघालेले. घरी जायला निघालेले. ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द त्या दिवसांत रोज कानावर पडत होता आणि त्यातला ‘होम’ कुणाला किती मैलांवर आहे याचा हिशेब रुळांवर पडला होता. यावर अधिक बोलवत नाही.

एक मात्र सांगितलंच पाहिजे, कारण ते आपल्या जिल्ह्याचं आहे. एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशानं ऑगस्ट २०२० मध्ये डिजिटल नोमॅडसाठी खास व्हिसा काढला. तेव्हा अट अशी होती की महिन्याची कमाई साडेतीन हजार युरो तरी हवी. जगात त्याचं फार कौतुक झालं. पण डिजिटल भटक्याची सरकारी नोंद एस्टोनियाच्या दहा वर्षं आधी आपल्याकडे सुरू झाली, टेंभलीला! २९ सप्टेंबर २०१०, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी येऊन देशातली पहिली आधार कार्डं वाटून गेले. त्यामागचा एक विचार होता की जो माणूस सतत फिरतो, ज्याच्याकडे पत्त्याचा कागद नाही, त्याची ओळख त्याच्याबरोबर फिरली पाहिजे. विचार चांगलाच होता. त्याच्यावर पुढे रेशन उभं राहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ही रेशन एकमेकांत चालणारी पहिल्या काही राज्यांतली जोडी ठरली. म्हणजे धडगावचं कार्ड बारडोलीला चालावं. कागदावर हा आमचा मजूर जगातल्या कुठल्याही नोमॅडपेक्षा जास्त डिजिटल आहे. फक्त, एस्टोनिया पगाराची स्लिप मागते आणि रेशनचं मशीन अंगठा मागतं. पाच-सहा महिने कोयता आणि उसाची पाती हाताळलेला अंगठा. रेषा झिजलेल्या असल्या की मशीन म्हणतं, हा तो माणूस नव्हे.

आता ते घरगुती कारण.

माझ्या थोरल्या भावाची नात पुण्यात हिंजवडीला नोकरीला. मार्च २०२० मध्ये ती लॅपटॉप घेऊन शहाद्याला आली, पंधरा दिवसांसाठी म्हणून. साडेतीन वर्षं राहिली. वरच्या मजल्यावर धान्याच्या कोठ्या होत्या, त्या हलवून तिनं टेबल मांडलं. इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, एक गेलं तर दुसरं. सुरुवातीला घरात गोंधळ. मुलगी दिवसभर घरात म्हणजे रिकामी, असं आपल्याला वाटतंच. “घरीच आहेस ना, मग कुकरकडे बघ.” “घरीच आहेस ना, गॅसवाला आला की पैसे दे.” ती मीटिंगमध्ये, खालून आजीची हाक. तिच्या भावाला कुणी अशी हाक मारली नसती, हेही नोंदवून ठेवतो. एकदा ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “आजोबा, ऑफिस हे बाईसाठी कुलूप असतं हो, बाहेरच्यांना अडवणारं. इथे दारच नाही.” तर घरून काम म्हणजे सगळं गोड, असं मी म्हणत नाही. तिला मैत्रिणींची आठवण यायची. नवीन मुलं कामाला लागली ती नुसती पडद्यावरची चौकोनी तोंडं, त्यांना शेजारी बसून शिकवता येईना, हेही तीच सांगायची. कंपन्या माणसांना परत बोलावताना हे कारण देतात, ते अगदीच खोटं नाही.

पण त्या काळात दुसरंही काही झालं. माझी वहिनी २०२२ मध्ये गेली. शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. ही पोरगी सकाळी तिला अंघोळ घालायची, मग कामाला बसायची, मध्ये येऊन औषध द्यायची. पुण्याला असती तर अग्नीला पोचली असती, तेही गाडी मिळाली तर. तिनं गल्लीतल्या सहा-सात मुलींना संध्याकाळी कॉम्प्युटर शिकवला. तिच्या पगारातला बराच भाग शहाद्यातच खर्च व्हायला लागला. आणि मला रोज चहाला कुणीतरी वाद घालणारं मिळालं. गेली चाळीस वर्षं आपण शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला पाठवतो आहोत आणि न शिकलेली बारडोलीला. दोन्हीकडून जिल्हा रिकामा होतो. माझ्या हयातीत पहिल्यांदा मी एक शिकलेलं माणूस उलट दिशेनं आलेलं आणि टिकलेलं पाहिलं.

माझा आजचा मुद्दा काय तो हा, आणि मी तो दोन्ही पुस्तकांना विचारतो. या यंत्रानं माणसाला फिरता येईल, याचा तुम्ही एवढा उत्सव केलात. याच यंत्रानं माणसाला थांबताही येईल, हे तुम्हाला सुचलं का नाही? जावं लागतं म्हणून जाणाऱ्यांच्या जिल्ह्यात ‘कुठूनही’ची चैन कुणाला हवी आहे? आम्हाला ‘इथून’ हवं होतं. सोळा लाखांवर वस्तीचा जिल्हा, २०११ च्या शिरगणतीप्रमाणे त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी, २०१८ पासून देशाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत. आकांक्षा काय, तर पोरांनी शिकावं. शिकून कुठे बसावं, हे यादीत नाही.

२०२३ मध्ये तिला पत्र आलं. आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात हजर राहावं. एकटी तिचीच कंपनी नव्हे, त्या वर्षी वारंच फिरलं होतं. टीसीएसनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात असायची गरज पडणार नाही; ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनीही पाच दिवस बोलावलं. तिनं कंपनीला विचारलं, साडेतीन वर्षांत माझ्या कामात चूक काढा. चूक नव्हती. मग तिनं विचारलं, तुमच्याच जाहिरातीत ‘वर्क फ्रॉम एनीव्हेअर’ होतं. त्यावर उत्तर आलं की ते आमच्या कुठल्याही ऑफिसातून, म्हणजे पुणे, बंगळुरू किंवा हैदराबाद. बघा, शब्द उलटा केल्यावर आत काय निघालं ते! तिनं लॅपटॉप उचलला आणि गेली. घराचा हप्ता तिच्या पगारावर होता. हप्ता म्हणा की उचल म्हणा.

मी तिला म्हणालो, नोकरी सोड, दुसरी बघ. म्हातारे असले सल्ले फार देतात. ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या कॉलेजात हजेरी नव्हती का?”

तिला ठाऊक नव्हतं, पण बरोबर जागी लागलं. होती ना हजेरी. ७५ टक्के. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या वर्गात धडगावकडचा एक पावरा मुलगा होता. तर्कशास्त्रात असा पोरगा मी पुन्हा पाहिला नाही. हेत्वाभास सांगायला सुरुवात केली की तो उदाहरण आधीच शोधून ठेवायचा, आणि उदाहरणं सगळी बाजारातली आणि वनखात्यातली. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. होळीनंतर आला, हाताला घट्टे. आई आजारी पडली होती, बापाचा कोयता अर्धा राहिला असता, म्हणून हा उरलेला अर्धा झाला होता. उचल आधीच खाऊन झालेली. परीक्षेला बसू न देण्याची यादी विभागप्रमुख म्हणून माझ्या सहीनं जायची. मी सही केली. नियम होता. नियमाला अपवाद करण्याचा अर्ज कसा लिहायचा हे मला येत होतं, त्याला येत नव्हतं, आणि मी ते त्याला सांगितलं नाही.

त्याच महिन्यात मी पुण्याला एका चर्चासत्रात निबंध वाचला. देल्यूझ आणि ग्वातारी या फ्रेंच विचारवंतांच्या भटकेपणाच्या तत्त्वज्ञानावर. भटका आणि स्थलांतरित यांतला त्यांचा सूक्ष्म भेद मी फार छान उलगडला होता. टाळ्या झाल्या. तो मुलगा पुन्हा कॉलेजात दिसला नाही.

तेव्हा फेरिसच्या पुस्तकात झोळी नाही, असं मी मघाशी म्हणालो ते जरा सांभाळूनच म्हणालो, असं समजा.

आता व्यवहाराचं. इथे दोन-तीन नगरसेवक बसले आहेत, म्हणून बोलतो. शहाद्याला, तळोद्याला, नवापूरला सरकारी इमारतींतून रिकाम्या खोल्या आहेत. चांगली वीज, दोन बाजूंनी इंटरनेट, दाराला आतून कडी, आणि पंचवीस खुर्च्या. एवढं केलंत तर ज्यांच्या कंपन्या अजून हो म्हणतात त्या मुलींना तरी कुकरची हाक येणार नाही. आणि कंपन्यांना सरकार जेव्हा जमीन, वीज, करात सूट देतं, तेव्हा बदल्यात एक अट घालायला काय हरकत आहे? काम बरोबर होत असेल तर माणसाला त्याच्या जिल्ह्यातून उठवायचं कारण लेखी द्या. नुसतं कारण द्या म्हणतोय मी. कोयत्याचं तर त्याहून सोपं आहे, आणि म्हणूनच होत नाही. पावसाळ्यात रोजगार हमीचं काम वेळेवर निघालं आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर मुकादमाची उचल घ्यायला हात पुढे येणार नाही. हमीचा कायदा महाराष्ट्राचा, १९७७ चा, देशाच्या आधीचा. त्याचं कौतुक मी चर्चासत्रांतून पुष्कळ ऐकलं आहे.

वेळ झालेली दिसते, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत.

पुढच्या महिन्यात होळी आहे. नात येते म्हणाली. दोन दिवस रजा मिळाली आहे, तिसरा दिवस तिला घरून काम करू देणार आहेत, तोही खास बाब म्हणून, साहेबांच्या सहीनं. कोठ्या पुन्हा वरच्या मजल्यावर गेल्या आहेत, त्या हलवायला माणूस बघायचा आहे. कुणाला प्रश्न विचारायचे असतील तर विचारा.